फुफ्फुसाचा कर्करोग : रक्ताचे अहवाल काय सांगतात, काय सांगत नाहीत

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाच्या घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पुढे काय, हाच. उपचारांना यश येईल का, किती काळ हाती आहे, मुंबईला नेण्यासारखी परिस्थिती आहे का, शेताचा तुकडा विकून खर्च करावा की नाही, असे अनेक निर्णय या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात. परभणीसारख्या जिल्ह्यात तर हे प्रश्न अधिकच टोकदार होतात. परभणीहून छत्रपती संभाजीनगर रेल्वेने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, तर मुंबई साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. प्रत्येक फेरीला पैसा, रजा आणि रुग्णाची उरलीसुरली ताकद खर्च होते.

रोग पुढे कोणत्या वळणाने जाईल, याच्या अंदाजाला वैद्यकशास्त्रात फलानुमान म्हणतात. हे फलानुमान मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. कर्करोग कोणत्या प्रकारचा आहे, तो शरीरात किती पसरला आहे आणि रुग्ण स्वतःची कामे स्वतः करू शकतो का. गेल्या काही दशकांत या तिन्हींच्या जोडीला रक्तातील काही घटकांचा अभ्यास झाला आहे. त्यांना दर्शक किंवा मार्कर म्हणतात. त्यांपैकी काहींसाठी मोठ्या शहरातील महागड्या प्रयोगशाळेची गरज असते, तर काही तालुक्याच्या गावी होणाऱ्या साध्या तपासण्यांतूनही हाती लागतात. मात्र या आकड्यांचा नेमका अर्थ ठाऊक नसेल, तर त्यांतून जितके मार्गदर्शन होते तितकीच दिशाभूलही होऊ शकते.

आजाराची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८ लाख मृत्यू झाले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत या रोगाचा क्रमांक पहिला आहे. भारतात त्याच वर्षी सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ७५ हजार मृत्यू, असा अंदाज आहे. नव्या रुग्णांची आणि मृत्यूंची संख्या इतकी जवळजवळ असणे हेच या रोगाचे भीषण रूप आहे. बहुसंख्य रुग्ण रोग पसरल्यानंतरच रुग्णालयात पोहोचतात, हे त्यामागचे प्रमुख कारण.

विडी-सिगारेट हे या रोगाचे सर्वात मोठे कारण असले, तरी एकमेव नव्हे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ४८९ रुग्णांच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून किंचित अधिक रुग्ण धूम्रपान न करणारे होते. त्यामुळे ‘विडी ओढत नाही, मग हा रोग कसा’ असे म्हणून खोकल्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते.

फलसूचक आणि उपचारसूचक

रक्तातील दर्शकांचा विचार करताना एक भेद आधी समजून घ्यायला हवा. काही दर्शक फलसूचक असतात. उपचार कोणताही असो, रोगाचा एकंदर कल बरा राहील की वाईट, याची ते कल्पना देतात. दुसरे दर्शक उपचारसूचक असतात. अमुक औषध या रुग्णाला लागू पडेल की नाही, हे त्यांवरून समजते. पहिल्यावरून धोका कळतो, दुसऱ्यावरून औषध निवडता येते.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, ते २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ या आशियाई चाचणीने दाखवून दिले. ईजीएफआर या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या रुग्णांत गेफिटिनिब ही गोळी केमोथेरपीपेक्षा सरस ठरली आणि रोग वाढण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला. ज्यांच्यात हा बदल नव्हता, त्यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. तेथे गोळीपेक्षा केमोथेरपीच स्पष्टपणे उपयुक्त ठरली. म्हणजे एकाच औषधाने एका गटाचे भले झाले, तर दुसऱ्या गटाचा मोलाचा वेळ वाया गेला. ईजीएफआरमधील बदल हा म्हणूनच उपचारसूचक दर्शक आहे. पुढे ज्यांचा उल्लेख येतो ते बहुतेक साधे दर्शक मात्र फलसूचक आहेत.

साध्या हिमोग्राममधील खुणा

रक्तातील पांढऱ्या पेशींचे अनेक प्रकार असतात. त्यांपैकी न्यूट्रोफिल या पेशी दाह वाढला की वाढतात. लिम्फोसाइट या पेशी कर्करोगाच्या पेशींशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीचा कणा असतात. गाठीतून आणि तिच्या भोवतालच्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या रसायनांमुळे शरीरात सतत दाह धुमसत राहतो. मग न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. या दोहोंच्या गुणोत्तराला एनएलआर म्हणतात.

हा हिशेब कागदावरही मांडता येतो. समजा, एकूण पांढऱ्या पेशी ११,००० आहेत. त्यांपैकी न्यूट्रोफिल ८० टक्के, म्हणजे ८,८०० आणि लिम्फोसाइट १५ टक्के, म्हणजे १,६५० आहेत. गुणोत्तर सुमारे ५.३ भरते. निरोगी व्यक्तीत ते साधारणपणे एक ते तीनच्या दरम्यान असते. वेगवेगळ्या अभ्यासांत तीन, चार किंवा पाच या आकड्यांच्या वर गुणोत्तर असलेल्या रुग्णांचे आयुष्यमान सरासरीने कमी आढळले. धोक्याची रेषा नेमकी कोठे आखावी याबद्दल मात्र एकमत नाही आणि हीच या दर्शकाची मोठी मर्यादा आहे.

याच अहवालातील हिमोग्लोबिनचे कमी प्रमाण आणि चार लाखांहून अधिक बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, यांचाही संबंध प्रतिकूल फलानुमानाशी जोडला गेला आहे.

ग्लासगोची गुणपद्धती

दाहाचा परिणाम यकृतावरही होतो. इंटरल्युकिन-६ या रसायनाच्या प्रभावाखाली यकृत सीआरपी हे प्रथिन मोठ्या प्रमाणावर तयार करू लागते आणि अल्ब्युमिन या प्रथिनाची पातळी खाली येते. रुग्णाचे वजन घटणे, स्नायू झिजणे आणि भूक मरणे यांची पाळेमुळे याच प्रक्रियेत असतात.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील संशोधकांनी २००३ मध्ये या दोन घटकांची सोपी गुणपद्धती मांडली. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच तिचा प्रथम अभ्यास झाला होता. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर एक गुण आणि अल्ब्युमिन डेसिलिटरमागे ३.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर एक गुण. शून्य गुण असलेल्यांचे फलानुमान सर्वात चांगले, तर दोन गुण असलेल्यांचे सर्वात वाईट. पुढे या पद्धतीत सुधारणा झाली आणि सीआरपी वाढलेले नसताना केवळ अल्ब्युमिन कमी असल्यास गुण देणे बंद झाले.

येथे एक व्यावहारिक सावधगिरी बाळगावी लागते. काही प्रयोगशाळा सीआरपी लिटरमागे देतात, तर काही डेसिलिटरमागे. एकाच आकड्याचा अर्थ त्यामुळे दहापटीने बदलतो. दोन ठिकाणचे अहवाल ताडून पाहताना आकड्याशेजारचे एकक आधी वाचले पाहिजे.

एलडीएच आणि ‘लिपी’

पेशींची मोडतोड वाढली की एलडीएच हे विकर रक्तात वाढते. लघुपेशी प्रकारच्या म्हणजे झपाट्याने पसरणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगात त्याचे महत्त्व फार पूर्वीपासून ओळखले गेले आहे. १९८७ मधील मँचेस्टर गुणपद्धतीत एलडीएच, सोडियम, अल्कलाइन फॉस्फटेज आणि बायकार्बोनेट हे रक्तातील चार घटक, रोगाचा विस्तार आणि रुग्णाची कार्यक्षमता यांच्या जोडीने घेतले होते. लघुपेशी कर्करोगात गाठीतून पाझरणाऱ्या संप्रेरकामुळे सोडियम घटू शकते आणि रुग्ण गोंधळल्यासारखा वागू लागतो. शल्कपेशी प्रकारात कॅल्शियम वाढू शकते. हे दोन्ही बदल केवळ भाकिताचे नसून तातडीने उपचार करण्याजोगे असतात.

इम्युनोथेरपीचे युग सुरू झाल्यावर फ्रान्समधील संशोधकांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ‘लिपी’ हा निर्देशांक मांडला गेला. एकूण पांढऱ्या पेशींमधून न्यूट्रोफिल वजा करायचे आणि उरलेल्या संख्येने न्यूट्रोफिलना भागायचे. वरील उदाहरणात ८,८०० भागिले २,२००, म्हणजे चार. हा आकडा तीनपेक्षा अधिक असणे हा एक धोका आणि एलडीएच त्या प्रयोगशाळेच्या कमाल मर्यादेपेक्षा अधिक असणे हा दुसरा. एकही धोका नसलेल्या, एक असलेल्या आणि दोन्ही असलेल्या रुग्णांच्या आयुष्यमानात मोठी तफावत आढळली.

हा निर्देशांक इम्युनोथेरपी कोणाला लागू पडेल हे सांगतो, असे प्रथम वाटले होते. परंतु अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक चाचण्यांतील सुमारे चार हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा इतर उपचार घेणाऱ्यांच्या बाबतीतही ‘लिपी’ तसाच अंदाज देतो, असे दिसून आले. म्हणजे हा दर्शक फलसूचक ठरला. ‘लिपी’ वाईट आहे म्हणून अमुक औषध देऊ नये, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

ट्यूमर मार्कर

कर्करोगाच्या पेशींतून रक्तात उतरणाऱ्या प्रथिनांना ट्यूमर मार्कर म्हणतात. सीईए हे त्यांतील सर्वात परिचित. कॅनडातील फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शोधले. फुफ्फुसाच्या ग्रंथिपेशी कर्करोगातही ते वाढू शकते. शल्कपेशी प्रकारात सिफ्रा २१-१, तर लघुपेशी प्रकारात एनएसई आणि प्रोजीआरपी यांची पातळी पाहिली जाते.

उपचारांपूर्वी वाढलेला मार्कर उपचारांनंतर झरझर उतरला तर ते सुचिन्ह मानले जाते. उतरलेला मार्कर पुन्हा चढू लागला तर स्कॅन करून शहानिशा करावी लागते. परंतु निरोगी माणसात कर्करोग शोधण्यासाठी या चाचण्या उपयोगाच्या नाहीत. सीईए धूम्रपान करणाऱ्यांत कर्करोगाविनाही वाढलेले असते. मूत्रपिंडे निकामी झाल्यास प्रोजीआरपी वाढते. शिवाय फुफ्फुसाचा कर्करोग असूनही मार्कर सर्वसाधारण असू शकतात. आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये केलेल्या अशा चाचणीवरून घाबरून जाणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही चूक.

रक्तातील गाठीचे डीएनए

कर्करोगाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तद्रवात मिसळतात. ते शोधण्याच्या चाचणीला लिक्विड बायॉप्सी म्हणतात. ईजीएफआरमधील बदल रक्तातून ओळखणाऱ्या चाचणीला अमेरिकेत जून २०१६ मध्ये मान्यता मिळाली. भारतीय रुग्णांच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे, कारण आपल्याकडील ग्रंथिपेशी कर्करोगात हा बदल पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी अशा ३५० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. गेफिटिनिबच्या जोडीला केमोथेरपी दिल्यास रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. दर्शक योग्य वेळी ओळखल्याने काय साधते, याचे हे महाराष्ट्रातलेच उदाहरण.

उपचार सुरू झाल्यावर हे डीएनए रक्तातून नाहीसे होणे शुभसूचक असते, तर टिकून राहणे काळजीचे. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याची चाहूल स्कॅनच्याही आधी त्यातून लागू शकते, असे ब्रिटनमधील ‘ट्रेसरएक्स’ प्रकल्पाने २०१७ मध्ये दाखवले. तथापि, चाचणीत बदल आढळला नाही म्हणजे तो नाहीच, असे नव्हे. गाठीतून रक्तात पुरेसे डीएनए उतरलेच नसेल, तर अहवाल खोटा दिलासा देतो. अशा वेळी गाठीचा तुकडा तपासणे अपरिहार्य ठरते.

परभणीत हे आकडे वाचताना

या गुणपद्धतींपैकी बहुतेक युरोपातील रुग्णांवर बेतलेल्या आहेत. मराठवाड्यातील रुग्णाचा अहवाल वाचताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट क्षयरोगाची. दीर्घ खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त जाणे आणि एक्स-रेमध्ये डाग दिसणे ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखीच असतात. त्यामुळे कर्करोगाच्या काही रुग्णांवर आधी क्षयरोगाचे उपचार होत राहतात. क्षयातही सीआरपी वाढते, अल्ब्युमिन घटते आणि रक्तातील पेशींचे प्रमाण बदलते. दाहाच्या दर्शकांवरून या दोहोंतला फरक ओळखता येत नाही. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नसतील आणि औषधांनी सुधारणा होत नसेल, तर सीटी स्कॅन आणि बायॉप्सी लांबवू नये.

दुसरी गोष्ट पूर्वीच्या आजारांची. ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांत, लोहाच्या कमतरतेने होणारा पंडुरोग सर्रास आढळतो. दीर्घ काळ पोटभर आहार नसणे, यकृताचे आणि मूत्रपिंडाचे विकार हेही आकडे बिघडवतात. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणजे कर्करोग बळावला, असे समजण्यापूर्वी त्याचे दुसरे, बरे होण्याजोगे कारण शोधले पाहिजे.

तिसरी गोष्ट औषधांची. मेंदूवरील सूज उतरवण्यासाठी किंवा केमोथेरपीपूर्वी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. न्यूमोनियातही तेच घडते. अशा दिवसांत काढलेले गुणोत्तर कर्करोगाबद्दल फारसे काही सांगत नाही.

चौथी गोष्ट नमुन्याची. परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही. रक्ताचा नमुना गरम गाडीत तासन्‌तास राहिला किंवा रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तर एलडीएच आणि एनएसई खोटेच वाढलेले दिसतात, कारण हे दोन्ही घटक तांबड्या पेशींतही असतात. लिक्विड बायॉप्सीसाठी साध्या नळीतील रक्तद्रव काही तासांतच वेगळा करावा लागतो. अन्यथा पांढऱ्या पेशी फुटून त्यांचे डीएनए मिसळते आणि गाठीचे अत्यल्प डीएनए त्यात झाकले जाते. दूरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा असेल, तर त्यासाठीची खास नळी वापरली आहे का आणि तापमानाची मर्यादा पाळली आहे का, हे विचारून घ्यावे.

आकडा उतरला म्हणजे रोग उतरला का?

दाह हा रोगाचा साथीदार असेल, तर दाह शमवून आयुष्य वाढेल, असा तर्क साहजिकच पुढे आला. हृदयविकाराच्या सुमारे दहा हजार रुग्णांवरील ‘कँटोस’ चाचणीत, २०१७ मध्ये, कॅनाकिनुमॅब हे दाहशामक औषध घेणाऱ्यांत सीआरपी तर घटलेच, पण फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाणही कमी आढळले. मोठी आशा निर्माण झाली. परंतु प्रत्यक्ष कर्करोगाच्या रुग्णांवर हेच औषध वापरणाऱ्या तीन मोठ्या चाचण्या २०२१ आणि २०२२ मध्ये अपयशी ठरल्या. दर्शक ही आगीची धग असते. धग मोजता आली म्हणून आग विझतेच असे नाही. अल्ब्युमिनची इंजेक्शने देऊन किंवा बाजारातील ‘प्रतिकारशक्तीवर्धक’ चूर्णे घेऊन अहवालातील आकडा सुधारण्याचा खटाटोप म्हणूनच व्यर्थ असतो.

मध्यक म्हणजे मुदत नव्हे

‘मध्यक आयुष्यमान दहा महिने’ याचा अर्थ निम्मे रुग्ण दहा महिन्यांहून अधिक काळ जगले, असा असतो. प्रत्येकाच्या हाती दहाच महिने आहेत, असा नव्हे. अमेरिकेतील जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटातील मेसोथेलिओमा झाल्याचे निदान झाले. त्या रोगाचे मध्यक आयुष्यमान तेव्हा आठ महिने मानले जाई. गूल्ड त्यानंतर सुमारे वीस वर्षे जगले आणि २००२ मध्ये दुसऱ्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. रक्ताचे दर्शक समूहाबद्दल बोलतात. एका माणसाचे भविष्य त्यात लिहिलेले नसते.

मग प्रतिकूल अहवालाचा उपयोग काय? आहार, वेदनाशमन, रक्तक्षय आणि संसर्ग यांकडे आधीपासून लक्ष देता येते, तपासण्यांच्या तारखा जवळच्या ठेवता येतात आणि कुटुंबाला विचार करायला वेळ मिळतो. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रोग पसरलेल्या रुग्णांना सुरुवातीपासूनच परिहार सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर दिल्यावर त्यांचे जगणे सुसह्य तर झालेच, शिवाय मध्यक आयुष्यमान ८.९ वरून ११.६ महिन्यांवर गेले. वाईट आकडा हे उपचार थांबवण्याचे नव्हे, तर काळजी लवकर सुरू करण्याचे कारण ठरू शकते.

परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय ही मुंबईपेक्षा जवळची केंद्रे आहेत. कर्करोगावरील अनेक उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहेत. कोणत्याही केंद्रात जाताना जुने सर्व अहवाल तारखांनुसार लावून, सुरू असलेल्या औषधांच्या यादीसह न्यावेत. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आकड्यांचा चढउतार डॉक्टरांना अधिक सांगून जातो.

तेथे तीन प्रश्न जरूर विचारावेत. कर्करोग नेमका कोणत्या प्रकारचा आहे? जनुकीय बदलांची तपासणी झाली आहे का? आणि या रक्ततपासणीच्या निकालाने उपचारात काही बदल होणार आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती तपासणी टाळून वाचलेला पैसा रुग्णाच्या आहारावर आणि प्रवासावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरते.